जिमी पेरी: देवळालीच्या तोफखान्यातून बीबीसीच्या विनोदी मालिकांपर्यंत

नाशिकशेजारच्या देवळालीवर बीबीसीने एक विनोदी मालिका काढली होती. ती 1974 ते 1981 अशी आठ सीझन चालली आणि तिचे 56 भाग झाले. देवळाली कॅम्पात आयुष्य गेलेल्या माणसालाही हे बहुधा ठाऊक नसतं. मालिकेचं चित्रीकरण सगळं इंग्लंडातच झालं, पण ज्याच्या डोक्यातून ती निघाली तो जिमी पेरी तरुणपणी अंगावर खाकी चढवून खरोखरच देवळालीत राहून गेला होता.

ब्रिटिश विनोदी मालिका आपल्यापर्यंत बहुतेक नक्कल होऊन पोचल्या. ‘माइंड युअर लँग्वेज’वरून दूरदर्शनसाठी ‘जबान संभालके’ आली, ‘येस मिनिस्टर’वरून ‘जी मंत्रीजी’. आपल्याला त्यातले पंकज कपूर आणि फारुख शेख आठवतात. मूळ मालिका लिहिली कुणी, हा प्रश्न आपण विचारत नाही. ब्रिटनमध्ये तो विचारला जातो. तिथे विनोदी मालिका ही नटाइतकीच लेखकाची समजतात आणि लेखकाचं नाव प्रेक्षकाला तोंडपाठ असतं.

असा लेखक घडतो कसा, त्याचं रोजचं काम काय असतं आणि तो कुठे आपटतो, हे समजून घ्यायला पेरी फार सोयीचा आहे. त्याच्या नावावर चार मोठ्या मालिका आहेत. चारही एकाच जोडीदाराबरोबर लिहिलेल्या, आणि चारही अशा माणसांच्या, ज्यांच्या अंगावर कुणीतरी गणवेश चढवला आहे. तीन गणवेश पेरीने स्वतः घातले होते, चौथा त्याच्या आजोबांनी. याबाहेर त्याने एकट्याने किंवा दुसऱ्यांबरोबर जे लिहिलं, ते आज ब्रिटनमध्येही फारसं कुणाला आठवत नाही.

आधी जगणं

पेरीचा जन्म 20 सप्टेंबर 1923चा, लंडनच्या नैऋत्य टोकाला असलेल्या बार्न्सचा. वडिलांचं जुन्या, दुर्मीळ वस्तूंचं दुकान होतं. मुलाला सेंट पॉल्ससारख्या नामांकित शाळेत घातलं होतं, पण चौदाव्या वर्षी त्याची शाळा संपली. शिक्षण नाही तर पुढे करणार काय, असं वडिलांनी विचारलं तेव्हा पोराने सांगितलं की मी सिनेनट होणार, नाहीतर मोठा विनोदी नट, मला सर्टिफिकिटं काय करायचीत? वडील म्हणाले, ‘यू स्टुपिड बॉय!’ पुढे हेच तीन शब्द पेरीने एका बँक मॅनेजरच्या तोंडी घातले आणि सगळा देश ते एकमेकांना ऐकवू लागला. पेरीच्या आत्मचरित्राचं नावही त्यावरूनच आलं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो पंधराचा होता, सोळावं लागायला काही दिवस बाकी होते. मे 1940मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या आणि उद्या त्या इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरतील अशी भीती पसरली. 14 मे रोजी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून आवाहन केलं: 17 ते 65 वयाचे जे पुरुष सैन्यात नाहीत, त्यांनी गावाच्या रक्षणासाठी नावं नोंदवावीत. लाखोंनी नोंदवली. भरती झालेले म्हणजे सैन्यात घ्यायला अजून लहान असलेली पोरं, निवृत्त म्हातारे, आणि कामामुळे सूट मिळालेले दुकानदार-कारकून. सुरुवातीला बंदुका नव्हत्या, गणवेश नव्हते, दंडावर बांधायला पट्टी तेवढी होती. चर्चिल यांनी या दलाला ‘होम गार्ड’ नाव दिलं. डिसेंबर 1944मध्ये त्याचं काम थांबवण्यात आलं. त्या दिवसापर्यंत जर्मन आलेच नाहीत.

पेरी या दलात होता, आधी बार्न्सला आणि मग वॉटफर्डला. पोरगं रात्री-अपरात्री थंडीत पहारा देतं म्हणून आईच्या जिवाला घोर. तुकडीत एक म्हातारा लान्स कॉर्पोरल होता. तो सुदानातल्या 1898च्या ओम्दुरमानच्या लढाईत ब्रिटिश सेनापती किचनरच्या हाताखाली लढलेला, आणि कोणत्याही विषयावरून थेट सुदानात जाऊन पोचणारा. हा म्हातारा आणि ती आई, दोघंही पुढे जवळपास जसेच्या तसे टीव्हीवर आले.

1943मध्ये पेरी रॉयल आर्टिलरीत, म्हणजे तोफखान्यात गेला. तिथून जहाजाने मुंबई, मग बर्मा. बढती मिळून तो बॉम्बार्डियर, म्हणजे तोफखान्यातला कॉर्पोरल झाला. देवळालीच्या तोफखाना तळावर सैनिकांच्या करमणुकीसाठी जी कॉन्सर्ट पार्टी होती, तिच्यात तो काम करायचा. कॉन्सर्ट पार्टी म्हणजे सैनिकांनीच सैनिकांसाठी केलेला कार्यक्रम: गाणी, नकला, छोटे प्रवेश, आणि बायका नसल्यामुळे बायकांची कामंही पुरुषांनीच करायची.

युद्धानंतर सैनिकांसाठीची शिष्यवृत्ती घेऊन तो लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत शिकला. सुट्ट्यांमध्ये पैसे मिळवायला वेल्समधल्या पुश्हेलीच्या बटलिन्स हॉलिडे कॅम्पात ‘रेडकोट’ म्हणून राबला. हे कॅम्प म्हणजे कामगारवर्गाने आठवडाभर येऊन राहायची जागा. चहा-जेवण, झोपायच्या खोल्या, पोहण्याच्या शर्यती, संध्याकाळी नाच असं सगळं एका फाटकाच्या आत. लाल कोटवाल्यांचं काम एकच, पाहुण्यांना सतत आनंदात ठेवणं. पाऊस पडत असला तरी.

पुढे 1956 ते 1965 त्याने पत्नी गिल्डासह वॉटफर्डचं पॅलेस थिएटर चालवलं. आपल्याकडे व्यावसायिक नाटक एकदा बसलं की तेच घेऊन गावोगाव दौरे होतात. तिथल्या ‘रेप’ कंपन्यांचं उलटं असायचं. थिएटर एकच, नटसंच तोच, आणि प्रेक्षक टिकवायला आठवड्या-पंधरवड्याला नवं नाटक. सकाळी पुढच्या नाटकाची तालीम, रात्री चालू नाटकाचा प्रयोग. कुठला दरवाजा कुठे असला की हशा येतो, कुठलं वाक्य दोन शब्दांनी लांबलं की पडतं, हे अशा माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पेरी टीव्हीसाठी लिहायला बसला तेव्हा चाळिशी ओलांडलेला, फारसं नाव नसलेला नट होता. माझ्या मते त्याची खरी लेखनशाळा ही नऊ वर्षंच.

भूमिका मिळावी म्हणून

1967. पेरी जोन लिटलवुड यांच्या स्ट्रॅटफर्ड ईस्टच्या नाट्यसंस्थेत काम करत होता. मोठी भूमिका मिळत नव्हती, तेव्हा आपल्याला चपखल बसेल असं एक पात्र असलेली मालिका आपणच लिहावी, असं त्याच्या मनात आलं. बकिंगहॅम राजवाड्यापुढे पहारेकऱ्यांची पाळी बदलताना बघून त्याला होम गार्ड आठवला. माहिती काढायला गेला तर या दलाबद्दल छापलेलं फारच कमी, आणि तरुणांना तर त्याचं नावही माहीत नव्हतं. वीस-पंचवीस वर्षांत लाखो माणसांची एक फौज लोकांच्या आठवणीतून पुसली गेली होती. त्याने लोकल गाडीत जाता-येता लिहायला घेतलं. मालिकेचं नाव ठेवलं ‘द फायटिंग टायगर्स’. आपल्यासाठी त्यात काळ्याबाजारातला माल खपवणारा, गोडबोल्या वॉकर राखून ठेवला.

त्याच सुमारास त्याला डेव्हिड क्रॉफ्ट या बीबीसीच्या निर्माता-दिग्दर्शकाच्या मालिकेत छोटं काम मिळालं. क्रॉफ्टची पत्नी अ‍ॅन ही पेरीची एजंट. पेरीने संहिता क्रॉफ्टच्या हातात दिली. क्रॉफ्टही युद्धात तोफखान्यात भरती झालेला, भारतात आणि सिंगापूरला राहिलेला, मेजर होऊन परतलेला. त्याला ती लगेच भिडली. त्याने ती बीबीसीचे विनोद विभागप्रमुख मायकेल मिल्स यांच्याकडे नेली. मिल्स यांनी नाव बदलून ‘डॅड्स आर्मी’ केलं आणि कथा समुद्रकाठच्या वॉल्मिंग्टन-ऑन-सी या काल्पनिक गावात घडते असं ठरलं.

आणि पेरीची भूमिका? ती गेली. नियंत्रणकक्षात बसून बाहेरून बघणारा लेखक हवा, आणि लेखकच नट झाला तर बाकीच्यांना वाटणार की चांगली वाक्यं हा स्वतःसाठी ठेवतो, असं क्रॉफ्ट आणि मिल्स यांचं म्हणणं. वॉकर जेम्स बेकला मिळाला. पेरीला नंतर एका भागात पाहुण्या कलाकाराचं काम देऊन भरपाई झाली. ही खंत त्याला बरीच वर्षं होती असं दिसतं. प्रेक्षकांच्या दृष्टीने मात्र निर्णय बरोबरच होता.

मग वरचे साहेब घाबरले. युद्ध संपून जेमतेम तेवीस वर्षं झाली होती. ज्यांनी घरची माणसं गमावली त्यांना ही थट्टा वाटेल, अशी बीबीसी वनचे प्रमुख पॉल फॉक्स यांची शंका. पेरी-क्रॉफ्टना सुरुवातीच्या श्रेयनामावलीत निर्वासितांची आणि नाझी फौजांची खरी दृश्यं हवी होती. समोर काय उभं ठाकलं होतं ते दिसलं, तरच या म्हाताऱ्यांच्या कवायतीला अर्थ येतो, असं त्यांचं म्हणणं. ती दृश्यं काढावी लागली. त्यांच्या जागी नकाशावर पुढे सरकणाऱ्या बाणांचं अ‍ॅनिमेशन आलं, जे आज मालिकेची ओळख आहे. चाचणीसाठी प्रेक्षकांना भाग दाखवले तर प्रतिसाद वाईट आला. तो अहवाल वरिष्ठांच्या नजरेस पडणार नाही अशी आपण तजवीज केली, असं क्रॉफ्ट पुढे सांगायचा.

31 जुलै 1968ला पहिला भाग लागला. 1977पर्यंत नऊ सीझन, 80 भाग. ऐन भरात एकेका भागाला 1 कोटी 80 लाखांपर्यंत प्रेक्षक मिळाले. शीर्षकगीताचे शब्दही पेरीचेच. ते युद्धकाळातलं जुनं गाणं असावं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते 1968मध्येच लिहिलं, डेरेक टॅव्हरनरबरोबर चाल बांधली, आणि युद्धकाळातला लाडका गायक बड फ्लॅनगनकडून शंभर गिनींत गाऊन घेतलं. फ्लॅनगन त्याच वर्षी वारला. गाण्याला आयव्हर नॉव्हेलो हा गीत-संगीताचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला.

काम नक्की कसं चालायचं

‘सिटकॉम’, म्हणजे अशी विनोदी मालिका, लिहिणं म्हणजे काय, हे आपल्या रोजच्या मालिकांच्या सवयीने नीट कळत नाही. आपल्याकडे मालिका रोज लागते, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि उद्याचा भाग कधी कधी आज लिहिला जातो. अमेरिकेत एका खोलीत आठ-दहा लेखक बसून वीसपेक्षा जास्त भागांचा सीझन काढतात. ब्रिटनमध्ये एक किंवा दोन लेखक सगळे भाग स्वतः लिहितात. म्हणूनच सीझन छोटा, बहुधा सहा-सात भागांचा. बीबीसीवर जाहिराती नाहीत, त्यामुळे भाग सलग अर्ध्या तासाचा आणि मध्ये कुठे उत्कंठा ताणायची सक्ती नाही.

पेरी आणि क्रॉफ्ट एकत्र बसून दोन भागांचं कथानक ठरवायचे, मग एकेक भाग वाटून घेऊन आपापल्या घरी लिहायचे. एकाच संहितेवर दोन लेखण्या चालवायचा प्रकार नाही. गंमत अशी की कुठला भाग कुणी लिहिला हे बघताना ओळखू येत नाही, इतकी पात्रं दोघांच्या अंगात मुरली होती. क्रॉफ्ट निर्माता-दिग्दर्शकही असल्यामुळे लिहितानाच खर्च डोळ्यापुढे असायचा.

बाहेरची दृश्यं आधी एकगठ्ठा चित्रित व्हायची. ‘डॅड्स आर्मी’साठी सगळी मंडळी नॉर्फकमधल्या थेटफर्ड गावी जाऊन राहायची. मग लंडनमध्ये दर आठवड्याला एक भाग. तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर पट्ट्या चिकटवून भिंती-दरवाजे आखायचे आणि काही दिवस तालीम करायची. शेवटी एका संध्याकाळी स्टुडिओत खऱ्या प्रेक्षकांसमोर अख्खा भाग जवळजवळ नाटकासारखा चित्रित करायचा. थेटफर्डची दृश्यं प्रेक्षकांना तिथेच पडद्यावर दाखवायची, म्हणजे त्यांचा हशाही ध्वनिमुद्रित व्हायचा.

या पद्धतीने लेखनाचा घाट ठरतो. नेपथ्य तीन-चारच: चर्चचा हॉल, त्याला लागून छोटी कचेरी, बँक. प्रवेश लांब. हशा कुठे येणार हे कागदावरच कळायला हवं, कारण नट तिथे थांबणार. वॉटफर्डला दर पंधरवड्याला नाटक उभं करणाऱ्या माणसाला हे सगळं ओळखीचंच होतं.

पण हशा येतो कशातून? ‘डॅड्स आर्मी’चं इंजिन आहे हुद्दा आणि वर्ग यांच्यातली विसंगती. कॅप्टन मेनवेअरिंग (उच्चार ‘मॅनरिंग’) हा बँक मॅनेजर, साध्या घरातून कष्टाने वर आलेला, ठेंगणा, गोल, आत्मप्रौढ. त्याचा सार्जंट विल्सन बँकेत त्याच्या हाताखालचा कारकून, पण उच्चकुलीन, महागड्या शाळेत शिकलेला, वागण्यात सैल आणि सहज. इंग्लंडात कोण कुठल्या थरातला हे माणसाने तोंड उघडलं की कळतं. म्हणजे अधिकार एकाकडे आणि रुबाब दुसऱ्याकडे. मेनवेअरिंग हुकूम सोडतो आणि विल्सन हळूच म्हणतो, ‘हे शहाणपणाचं होईल का, सर?’ आर्थर लो (मेनवेअरिंग) आणि जॉन ल मेझ्युरियर (विल्सन) यांना बघून कुणीही भूमिका उलट वाटल्या असत्या. नेमक्या सुलट वाटल्या, म्हणून ऐंशी भाग पुरले.

1973च्या ‘द डेडली अटॅचमेंट’ या भागात पकडलेल्या जर्मन पाणबुडीचे खलाशी या तुकडीच्या ताब्यात येतात. जर्मन कप्तान सूडाची यादी करतो आहे. सतरा वर्षांचा पाइक हिटलरची टिंगल करणारं गाणं म्हणतो. कप्तान म्हणतो, तुझंही नाव यादीत जाईल, काय नाव तुझं? मेनवेअरिंग ताडकन ओरडतो, ‘सांगू नकोस त्याला, पाइक!’ बस, एवढंच. ब्रिटिश टीव्हीवरच्या सर्वांत गाजलेल्या विनोदांमध्ये याची गणना होते. यात शब्दांची करामत काही नाही. पोराला वाचवायला धावलेला साहेब स्वतःच त्याला गोत्यात आणतो, आणि हे पाच वर्षांत प्रेक्षकाला इतकं ठाऊक झालेलं आहे की वाक्य येण्याआधीच पोटात हसू जमा होतं. सिटकॉम लेखक भागामागून भाग अशी शिल्लक साठवत असतो. म्हणूनच हे वाक्य पहिल्या भागात घातलं असतं तर अर्धंही हसू आलं नसतं. (तो पाइक म्हणजे पेरी स्वतः. आई मफलर बांधल्याशिवाय ज्याला बाहेर सोडत नाही तो.)

देवळालीवरची मालिका

‘इट एन्ट हाफ हॉट मम’ 3 जानेवारी 1974ला सुरू झाली. नाव म्हणजे सैनिकाने आईला लिहिलेल्या पत्रातली ओळ, ‘काय उकडतंय गं आई’. स्थळ देवळालीचा तळ, काळ 1945, पात्रं कॉन्सर्ट पार्टीतले सैनिक. यांना लढाईवर जायचं नाही, गात-नाचत युद्ध संपेपर्यंत टिकायचं आहे. सार्जंट मेजर विल्यम्सला हे सगळे बायकी वाटतात. यांना कसंही करून बर्माच्या जंगलात लढायला पाठवायचं, हा त्याचा ध्यास. नंतरच्या सीझनांमध्ये मंडळी खरोखर बर्मात पोचतात. विंडसर डेव्हिसचा सार्जंट मेजर आणि डॉन एस्टेलचा बुटका, गोड गळ्याचा लॉफ्टी इतके गाजले की दोघांनी गायलेलं एक जुनं गाणं 1975च्या जूनमध्ये लोकप्रिय गाण्यांच्या ब्रिटिश यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ही पेरीची स्वतःची आवडती मालिका. यातला अनुभव त्याच्या मते सर्वांत खरा होता.

आज बीबीसी ही मालिका पुन्हा दाखवत नाही. कारणं दोन. सार्जंट मेजरच्या तोंडची समलिंगी आणि ‘बायकी’ पुरुषांना हिणवणारी भाषा हे एक. आणि दुसरं रंगी राम. हा बॅरकीतला भारतीय बेअरर, स्वतःला ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणवणारा. ते काम केलं मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, तोंडाला रंग लावून. बेट्स झाशीत जन्मलेला, हिंदुस्थानी बोलणारा, युद्धात बर्मात गुरखा पलटणीत मेजर. त्या वेळी ही भूमिका पेलणारा भारतीय नट इंग्लंडात मिळाला नाही, असं लेखकद्वयीचं स्पष्टीकरण होतं. सैनिक तसेच बोलायचे, आम्ही ते ऐकलं आहे, असं पेरी शेवटपर्यंत म्हणत राहिला.

पेरीचं भाषेबद्दलचं म्हणणं मला निम्मं पटतं. सैन्यात तसं बोलत असणारच, आणि मालिकेत हसं सार्जंट मेजरचं होतं, गाणाऱ्यांचं कमी. बालगंधर्वांच्या शालूची फॅशन घरोघर बघितलेल्या मराठी माणसाला स्त्री पार्ट करणाऱ्या नटाला हिणवणारा हा सार्जंट मेजर जरा अडाणीच वाटेल, आणि पेरीला तो तसाच वाटायला हवा होता. नटाबद्दलचा खुलासा मात्र पचत नाही. त्याच मालिकेत चहावाला मुहम्मद म्हणून दिनो शफीक होता, दोरी ओढणारा पंखेवाला रमझान म्हणून बाबर भट्टी होता. पंखेवाला कोपऱ्यात बसून पुटपुटतो आणि साहेबलोकांच्या मूर्खपणावर सर्वांत तिखट शेरा त्याचाच असतो. दिनो शफीक पुढे ‘माइंड युअर लँग्वेज’मधला अली म्हणून आपल्याकडेही ओळखीचा झाला. माणसं होती. शोधायची गरज कुणाला वाटली नाही.

त्याहून मोठी अडचण पेरीच्या पद्धतीतच आहे. तो फक्त आठवणीतून लिहायचा. बॅरकीच्या आत काय होतं ते त्याने बारकाईने पाहिलं होतं. कुंपणाबाहेरची देवळाली एकवीस-बावीस वर्षांच्या इंग्रज बॉम्बार्डियरला जितकी दिसली, तितकीच पडद्यावर आली: चहा आणणारा, पंखा ओढणारा, सामान उचलणारा. 1945च्या महाराष्ट्रात त्या सुमारास काय चाललं होतं, याची झुळूकही तिथे पोचत नाही. होम गार्डच्या वेळी हीच पद्धत कमालीची यशस्वी ठरली, कारण तिथे गाव त्याचंच होतं. (इंग्रज गेल्यावरही भारतीय तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र देवळालीतच आहे. तिथल्या जवानांच्या करमणुकीच्या कार्यक्रमांवर कुणी मराठीत लिहिलं तर मी आवडीने बघेन.)

उरलेले दोन गणवेश

‘हाय-डी-हाय’ 1980च्या पहिल्या दिवशी प्रायोगिक भागाने सुरू झाली आणि 1988पर्यंत 58 भाग चालली. बटलिन्सच्या लाल कोटाचा इथे पिवळा कोट झाला आणि कॅम्पचं नाव मॅप्लिन्स. काळ 1959चा. एसेक्समधल्या डोव्हरकोर्टच्या खऱ्या हॉलिडे कॅम्पात चित्रीकरण व्हायचं. दिवसभर हसरा चेहरा लावून पाहुण्यांना ‘हाय-डी-हाय!’ ओरडायचं आणि रात्री खोलीत येऊन आपलं आयुष्य कुठे चाललंय याचा हिशोब मांडायचा, अशा थकलेल्या कलाकारांची ही मालिका. तिला 1984मध्ये बाफ्टा हा चित्रपट-टीव्हीचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला.

चौथी, ‘यू रँग, मिलॉर्ड?’, 1920च्या दशकातल्या श्रीमंत घरातल्या मालक-नोकरांवर. पेरीचे आजोबा बटलर होते. प्रायोगिक भाग 1988ला, मालिका 1990 ते 1993, भाग 26 आणि प्रत्येकी सुमारे पन्नास मिनिटांचे. अर्ध्या तासाची लय हातून गेली की काय होतं ते यात दिसतं. ब्रिटनमध्ये ती आधीच्या तिघींइतकी चालली नाही. हंगेरीत मात्र तुफान लोकप्रिय झाली.

क्रॉफ्टशिवायचं काम बघायचं तर 1969ची ‘द नोम्स ऑफ डलिच’ घ्या. बागेतल्या बुटक्या पुतळ्यांच्या गप्पा, सहा भाग, संपली. नंतर व्यावसायिक वाहिन्यांवर आणखी काही मालिका केल्या, त्याही टिकल्या नाहीत. क्रॉफ्टने मात्र जेरेमी लॉइडबरोबर ‘आर यू बीइंग सर्व्हड?’ आणि ‘अलो अलो!’ अशा दोन तुफान मालिका दिल्या. यावरून क्रॉफ्टच खरा आणि पेरी त्याच्या जिवावर, असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तो घाईचा वाटतो. लॉइडबरोबरच्या मालिका हसवतात, पण मेनवेअरिंगच्या एकटेपणासारखं त्यांत काही सापडत नाही. ‘डॅड्स आर्मी’चा मूळ ऐवज पेरीने आणला होता, घडवायची हत्यारं क्रॉफ्टकडे होती. एकटा पडल्यावर पेरीने कल्पना लढवली, आणि कल्पना हा त्याचा प्रांतच नव्हता.

पैशाचं गणितही यातून समजतं. ब्रिटनमध्ये संहितेचे हक्क साधारणपणे लेखकाकडे राहतात आणि पुन:प्रक्षेपण झालं की त्याला मानधन मिळतं. ‘डॅड्स आर्मी’चा रंगभूमीवर प्रयोग झाला, रेडिओ आवृत्ती झाली, 1971 आणि 2016 असे दोन चित्रपट निघाले. अमेरिकेने 1976मध्ये ‘द रिअर गार्ड’ नावाने नक्कल केली, ती एका प्रायोगिक भागापुढे गेली नाही. त्या काळी बीबीसी जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरायची, त्यात दुसऱ्या सीझनचे काही भाग गेले. दोन भाग 2001मध्ये एका संग्राहकाकडून परत मिळाले, तीन अजून बेपत्ता आहेत.

1978मध्ये पेरी आणि क्रॉफ्ट दोघांना ओबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान मिळाला. क्रॉफ्ट 2011मध्ये गेला, पेरी 23 ऑक्टोबर 2016ला, त्र्याण्णव वर्षांचा होऊन.

बघायचंच असेल तर सुरुवात ‘डॅड्स आर्मी’च्या पहिल्या भागापासून करू नका. तो पात्रांची ओळख करून देण्यातच जातो. तिसऱ्या-चौथ्या सीझनमधले चार-पाच भाग आधी बघा, माणसं अंगवळणी पडू द्या, आणि मगच ‘द डेडली अटॅचमेंट’ लावा. देवळालीची मालिका बघायची तर जुन्या डीव्हीडी शोधाव्या लागतील. नजर पंखेवाल्यावर ठेवा.